दहा बाय दहाची खोली आणि रोलाय ३५

श्रोतेहो, नमस्कार.

चाळीतली दहा बाय दहाची खोली डोळ्यांपुढे आणा. या भिंतीला पाठ टेकून उभे राहिलात, तर समोरची भिंत साधारण तीन मीटरवर. हे अंतर लक्षात असू द्या, आजच्या कॅमेऱ्याला ते लागणार आहे.

कॅमेरा आहे रोलाय ३५. हाइन्ट्स वास्के यांनी तो बेतला आणि १९६६ मध्ये जर्मनीत, कलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात तो पहिल्यांदा लोकांपुढे आला. लांबी दहा सेंटिमीटरही नाही, उंची सहा, जाडी तीनच्या थोडी वर. आणि आत बसतो तो नेहमीचा ३५ मिलिमीटरचा, ३६ फोटोंचा रोल. पुढे सत्तरच्या दशकात उत्पादन सिंगापूरला गेलं. केवळ ‘मेड इन जर्मनी’ वाचून जास्त पैसे मोजू नका. ठेवणीतला सिंगापूरचा नग पडझड झालेल्या जर्मन नगापेक्षा कधीही बरा. वजन मात्र ३७० ग्रॅमच्या घरात आहे. शर्टाच्या खिशात टाकलात तर शर्ट एका अंगाला लोंबतो.

याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, फोकस दिसत नाही. तिथे फक्त चौकट आहे. अंतर आपण अंदाजायचं आणि भिंगाच्या कड्यावर लावायचं. आकडे मीटरमध्ये आहेत की फुटांत, हे आधी बघा. या घोळात अख्खे रोल वाया जातात. भिंग ४० मिलिमीटरचं, टेसार बनावटीचं. त्याचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, जास्तीत जास्त एफ ३.५ इतकं उघडतं. एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. अपर्चर एफ ८ आणि अंतर तीन मीटर ठेवलं, तर साधारण दोन मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे आपली खोली, वर गॅलरीचा कठडा. दादरच्या फुलबाजारात गल्लीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतचं काम यात भागतं. उन्हात एफ १६ करता येतं. मग तीन मीटरच्या किंचित पुढे लावलं की पावणेदोन मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत चिंता नाही. पण संध्याकाळी इराण्याकडे, दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ ३.५ ला घेताना वाव उरतो जेमतेम एक फूट. तिथे अंदाज चालत नाही. हात लांब करून, टेबलाच्या कडेवरून मोजा.

कॅमेऱ्याच्या माथ्यावर पाहिलंत तर लाइटमीटरच्या, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या, काट्याची बारीक खिडकी दिसेल. शटर, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा ते ठरवणारी झडप, आणि अपर्चर यांच्या चकत्या पुढे, भिंगाच्या दोन बाजूंना आहेत, पण त्यांचे आकडेही वरून वाचता येतात. त्यामुळे सगळी जुळवाजुळव कॅमेरा कमरेशी धरून, मान खाली घालून होते. कॅमेरा डोळ्याला लागतो तो फक्त चौकट धरायला, सेकंदभर. गर्दीत याचा फार उपयोग होतो.

मीटर बंद पडला असला तरी अडत नाही, कारण शटर पूर्ण यांत्रिक आहे, १/२ पासून १/५०० सेकंदापर्यंत. ४०० आयएसओची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाची संवेदनशीलता) धरून अंदाज सांगतो. डिसेंबरच्या दुपारी मरीन ड्राइव्हवर १/५०० आणि एफ १६. जुलैच्या ढगाळ दुपारी १/२५० आणि एफ ८. इमारतीच्या सावलीत १/२५० आणि एफ ५.६. छपराखालच्या फलाटावर १/६० आणि एफ ४. १/६० पेक्षा कमी वेगावर गेलात तर खांबाला टेका.

आता याचा सगळ्यात नाजूक भाग. भिंगाची नळी बाहेर ओढायची आणि घट्ट बसेपर्यंत वळवायची. त्याशिवाय शटर सुटत नाही. आत घालताना मात्र क्रम पाळायचा. आधी वाइंडिंगचा, म्हणजे फिल्म पुढे सरकवणारा, खटका मारून शटर चढवायचं, म्हणजे पुढच्या फोटोसाठी तयार करायचं, मग वरचं बारीक बटण दाबून नळी वळवायची आणि आत सारायची. शटरची पाती नळीबरोबर मागेपुढे होतात, वेग सांभाळणारी यंत्रणा मात्र बॉडीत जागच्या जागी राहते. शटर चढवलेलं असेल तरच हे दोन भाग सुखरूप सुटतात. नळी अडली की लोक जोर लावतात, आणि दुरुस्तीला आलेल्या नगाची गोष्ट बहुधा तिथेच सुरू झालेली असते. अडली तर थांबा, खटका मारा.

चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर किंवा फोर्टात बोराबाजाराच्या बाजूला जुना नग हाती आला, तर मोबाइलचा टॉर्च भिंगातून आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. काचेवरचा लेप तिने खाल्लेला असेल तर पुसून परत येत नाही. १/२ सेकंदावर शटर सोडून ऐका. घरघर मध्येच रेंगाळली तर आतलं वंगण सुकलंय. बाहेर काढलेली नळी बोटांनी हलवून बघा. डगडगली तर फोकसचा काही भरवसा नाही. कोपऱ्यावरचा पोचा चालेल, किंमत पाडायला उपयोगीच पडतो.

बॅटरी मूळची पाऱ्याची, पीएक्स ६२५, १.३५ व्होल्टची. ती आता मिळत नाही. त्याच मापाची अल्कलाइन १.५ व्होल्टची असते. ती घातली तर मीटर प्रकाश जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. त्यापेक्षा कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल, भोवती रबरी वॉशर घालून बसवा. तो १.४ व्होल्टचा, काही आठवडे नीट चालतो. बॅटरीची जागा आत, फिल्मच्या कप्प्यात आहे, म्हणून रोल संपल्यावरच बदला. मीटरला चालू-बंदचं बटण नाही. कॅमेरा अंधारात ठेवला की सेल वाचतो.

पावसाळ्यात चामड्याची केस काढून टाका, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. रंग बदलला की जेल तापवून वाळवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या तव्यावर नको. एसी लोकलमधून उतरलात की कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. वीसेक मिनिटं पिशवीत राहू द्या, नाहीतर भिंगावर बाष्प धरतं.

फ्लॅश लागतो खालच्या बाजूला, त्यामुळे सावल्या भुतासारख्या वर जातात. फ्लॅश वापरताना कॅमेरा सरळ उलटा धरा.

रोल भरताना मागचं झाकण खालच्या भागासकट पूर्ण निघून हातात येतं. रस्त्यात ते काखेत धरायचं. फिल्मचा डबा उजवीकडे बसतो आणि फिल्म डावीकडे गुंडाळली जाते, नेहमीच्या उलट. दोन्ही कडांची भोकं दात्यांत बसली आहेत हे एकदा खटका मारून पाहा आणि मगच झाकण सरकवा. या उलट चालीमुळे निगेटिव्हच्या कडेवरचे आकडे फोटोच्या मानाने डोक्यावर उभे दिसतात. धुतलेला रोल स्कॅनला देताना लॅबवाल्याला तेवढं सांगून ठेवा, नाहीतर छत्तीसच्या छत्तीस माणसं शीर्षासनात परत येतील.