वस्ताद, आज किती?

(पडद्यावर काळोख. आधी फावड्याचा आवाज, मग चित्र.)

कोल्हापूर. पहाटेचे साडेचार. एका जुन्या तालमीच्या हौद्यात पैलवानाच्या आधी फावडं उतरतं. चार पोरं एका कडेनं माती खणत येतात, मागची चार ढेकळं फोडतात. या मातीत हळद आहे, ताक आहे, तेल आहे, लिंबाचा रस आहे. मुठीत दाबली की लाडू होतो, बोटं उघडली की सुटते. सुटली नाही, तर अजून खणायची.

बाहेरच्या माणसाला ही साफसफाई वाटते. आम्हालाही वाटली होती. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की फावडं रोज वेगळ्या हातात असतं. काल ज्याची लढत लांबली, तो आज कडेला उभा राहून नुसता पाणी शिंपडतो. कोणाला खणायला लावायचं, हे वस्ताद रात्रीच ठरवून झोपलेले असतात.

(जोर मारणारी रांग. कॅमेरा जमिनीलगत.)

हा जोर. तळवे जमिनीवर, कंबर वर, आणि मग अंग खाली घेत पुढं, दाराच्या फटीतून मांजर निसटावं तसं. छाती मातीला लागू द्यायची नाही. सगळी रांग एका लयीत खालीवर होते, आणि ऐकू येतो तो फक्त श्वास.

"वस्ताद, आज किती?"

"दोनशे."

"काल अडीचशे मारलं की!"

"म्हणूनच आज दोनशे. उद्याबी यायचं हाय न्हवं?"

जिममध्ये जाणारी मुलं याला प्रोग्रॅम म्हणतात. मोबाइलवर तक्ता असतो, कोणत्या वारी काय उचलायचं, किती वेळा, पुढच्या आठवड्यात किती किलो वाढवायचे. तालमीत याला नावच नाही. आणि नाव नाही म्हणून इथं नुसती अंगमेहनत चालते, असं समजणारे पुष्कळ. त्यांनी हा पुढचा भाग जरा नीट बघावा.

(कोनाड्यातली शाळेची वही. पान उलटतं.)

ही एका चौदा वर्षांच्या मुलाची वही. मुखपृष्ठावर गणित लिहिलंय. आत चार रकाने, जोर, बैठका, दोर (म्हणजे दोरावर चढणं), लढत. शनिवारच्या ओळीत एक आडवी रेघ आणि खाली 'गुडघा'. सोमवारी बैठका निम्म्या. गुरुवारपर्यंत हळूहळू पुन्हा मूळ आकड्यावर. वही लिहायला कोणी सांगितलं नव्हतं. वस्ताद सांगतील ते विसरायला होतं, म्हणून लिहितो, म्हणाला.

आता आक्षेप. पैलवान जन्मावा लागतो, असं खुद्द तालमीतच ऐकायला मिळतं. हाडापेरानं दांडगा, मनगट रुंद, बाप पैलवान, आजा पैलवान. यात खोटं काही नाही. अमेरिकेतला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ५८५ स्त्रीपुरुषांना १२ आठवडे एका हाताचा सारखाच व्यायाम दिला होता. दंडाच्या स्नायूची वाढ कोणाची ५९ टक्के, तर कोणाचा स्नायू उलट २ टक्के घटलेला. ताकद कोणाची जागच्या जागी, तर कोणाची २५० टक्क्यांनी वाढलेली. व्यायाम तोच, पण अंगी लागणं ज्याचं त्याचं.

मग वहीचं काय? वहीचं एवढंच, की आपण त्या ५८५ मधले नेमके कोण, हे या पोराच्या कपाळावर लिहिलेलं नाही. ते कळायलासुद्धा काही वर्षं धड मेहनत व्हावी लागते. आणि एक कबूल केलं पाहिजे. वाढत्या वयातल्या पोराला काहीही करायला लावा, दोनतीन वर्षांत तो ताकदवान होणारच. वय हाच मोठा खुराक. त्याचं श्रेय कोणत्याही वस्तादानं घेऊ नये आणि कोणत्याही मोबाइलनंही.

अडचण पुढं येते. बैठका शंभराच्या दोनशे, दोनशेच्या पाचशे केल्या, की दम वाढतो, पण पायांची ताकद वाढायची थांबते. वजन तेच, नुसता आकडा मोठा. इथं वस्ताद काय करतात, बघा.

(एक पैलवान दुसऱ्याला खांद्यावर घेऊन बैठका मारतो. पायांची बोटं मातीत रुतलेली.)

जोडीदार खांद्यावर. आधी हलका, काही महिन्यांनी त्याच्याहून जड. पाचशेच्या जागी वीस. मग दोर, आधी पायांच्या आधारानं, नंतर नुसत्या हातांवर. कोपऱ्यात आता लोखंडी बार आणि प्लेटाही आल्यात. जुन्या मंडळींना त्या खुपतात. आमच्या मते खुपू नयेत. प्लेट म्हणजे न कुरकुरणारा जोडीदार.

(भिंतीवरच्या तसबिरी. कॅमेरा एकीवर थांबतो.)

१९४८, लंडन. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे रक्ताचा मुद्दा मिटला. मेहनतीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण अंग मातीत तयार झालेलं, आणि कुस्ती मॅटवर. मॅटची तयारी तिथं अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी करून घेतली. पुढची चार वर्षं खाशाबांनी त्या रोखानं घाम गाळला. १९५२, हेलसिंकी, एक गट वर, बँटमवेट. कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. रक्त १९४८ मध्ये होतं तेच. (जायच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं होतं, ती गोष्ट वेगळ्या फिल्मची.)

(पाटा-वरवंटा. भिजवलेले बदाम. पांढरी धार पातेल्यात.)

थंडाई. बदाम रात्री भिजत घातलेले, साल काढून पाट्यावर वाटतात. खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडा. मग दूध. मिक्सर आहे, पण वापरत नाहीत, का ते विचारलं तर उत्तर येतं, "मग वाटणाऱ्याच्या खांद्याला मेहनत कुठली?" पेला कोणाला केवढा, हेही ठरलेलं. ज्याची मेहनत आज कमी, त्याचा पेला लहान. कोणी तक्रार केली नाही, निदान कॅमेऱ्यासमोर तरी.

या आखाड्यातली बहुतेक पोरं पुढं मोठ्या मैदानात दिसत नाहीत. कोणी पोलीस भरतीला जातो, कोणी शेतीवर परततो, कोणाचा खांदा निखळतो.

(संध्याकाळ. लढत. एक पोरगा पाठीवर पडतो, उठतो, पाठीला चिकटलेली माती तशीच ठेवून पुन्हा शड्डू ठोकतो.)

दिवे लागले आहेत. चौदा वर्षांचा तो मुलगा कोनाड्याशी उभा आहे. जोर २००, बैठका ३००, दोर ४. लढतीच्या रकान्यात पेन थांबतं. तो वळून हौद्याच्या कडेला बसलेल्या वस्तादांकडं बघतो.

"वस्ताद, उद्या किती?"

"आधी जेव."

(वही मिटते. फावडं भिंतीला टेकवलेलं.)