दोन विल्यम्स : चौदा-बी आणि पंधरा-सी

नमस्कार, श्रोतेहो.

फॉर्म्युला वनच्या जुन्या कोष्टकात १९९२ आणि १९९३ या दोन वर्षांतल्या विल्यम्स संघाच्या ओळी पाहिल्या, तर एकच ओळ चुकून दोनदा छापली गेली की काय, असं वाटतं. १९९२ : शर्यती १६, विजय १०, पोल १५. १९९३ : शर्यती १६, विजय १०, पोल १५. पोल म्हणजे पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरून मिळवलेली सुरुवातीची पहिली जागा. पहिल्या ओळीतली गाडी एफडब्ल्यू १४बी, दुसरीतली एफडब्ल्यू १५सी. आज बोलताना सोयीसाठी चौदा-बी आणि पंधरा-सी म्हणू. दोन्ही इंग्लंडमधल्या डिडकॉटच्या कारखान्यातल्या, एड्रियन न्यूई आणि पॅट्रिक हेड या अभियंत्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या. दोन्हींच्या पाठीमागे रेनॉचं साडेतीन लिटरचं, दहा सिलिंडरचं इंजिन. कौतुक बहुतेक वेळा चौदा-बीच्या वाट्याला येतं. सरस गाडी मात्र पंधरा-सी होती असं माझं मत आहे, आणि ते कशावरून, तेच आज सांगायचं आहे.

आधी दोघींचं मर्म समजून घेऊ : अॅक्टिव्ह सस्पेन्शन, म्हणजे चाकं आणि गाडी यांना जोडणारी, संगणकाने हलवली जाणारी यंत्रणा. रेसिंग कार रस्त्याला चिकटून राहते ती पंखांमुळे आणि तळामुळे. सपाट तळाखालून हवा वेगाने मागे जाते, मागच्या टोकाला वर उचललेल्या डिफ्यूझरमधून बाहेर पडते, आणि गाडी खाली ओढली जाते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. साध्या स्प्रिंगवरची गाडी त्यामुळे वेगात खाली दबते, ब्रेक दाबला की नाक खुपसते, वळणावर कलते. दर वेळी तळ आणि रस्ता यांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर पकडही बदलते. स्प्रिंग कडक कराव्यात, तर खडबडीत जागी चाकं उसळतात. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्यांना उसळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

विल्यम्सने प्रत्येक चाकापाशी हायड्रॉलिक अॅक्चुएटर, म्हणजे तेलाच्या दाबाने हलणारा दट्ट्या, बसवला. पंप इंजिनावर चालतो, दाबाखालचं तेल व्हॉल्व्हमधून अॅक्चुएटरकडे जातं, सेन्सर उंची आणि हालचाल मोजतात, आणि संगणक कुठे किती तेल सोडायचं ते ठरवतो. उद्देश एकच : तळाची उंची हवी तिथेच राहावी. या इलेक्ट्रॉनिक कामात पॅडी लो यांचा मोठा वाटा होता.

आता या यंत्रणेची दुखणी. तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर तो दाबला जातो. मग आज्ञा सुटते, पण चाक उशिरा हलतं. तेल गळलं किंवा दाब पडला तर गाडी बसते, आणि तळ रस्त्याला घासला की पकड एकाएकी जाते. १९९२ साली मोंझाला हायड्रॉलिक्सने दोन्ही गाड्यांना दगा दिला. चालक नायजेल मॅन्सेलची गाडी थांबली, पुढे असलेला त्याचा संघसहकारी रिकार्डो पत्रेसे रखडत पाचवा आला, आणि विजय मॅक्लारेन संघाच्या आयर्टन सेन्नाला मिळाला.

चौदा-बीबद्दल एक गोष्ट विसरली जाते. ती मुळात १९९१ सालची एफडब्ल्यू १४, साध्या सस्पेन्शनसाठी आखलेली. तिच्यात ही यंत्रणा नंतर बसवली. नाकाच्या वरच्या बाजूचे दोन फुगवटे त्याचीच खूण. १९९२साठी नवी एफडब्ल्यू १५ तयार होत होती, पण मॅन्सेलने पहिल्या पाचही शर्यती जिंकल्यावर जुनी बदलायची गरजच उरली नाही. म्हणजे जिला आपण सर्वश्रेष्ठ म्हणतो, ती खरं तर डागडुजी केलेली गाडी!

पंधरा-सी पहिल्या रेघेपासून अॅक्टिव्ह म्हणूनच काढलेली. त्यामुळे नाक निमुळतं आणि सगळी मांडणी घट्ट. चाकं जागीच घसरून फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आणि सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चौदा-बीतही होते. पंधरा-सीत त्यात चाकं अडकू न देणाऱ्या अँटिलॉक ब्रेकची भर पडली. शिवाय एक बटण. ते दाबलं की गाडीची मागची बाजू खाली बसायची, डिफ्यूझरचं काम बंद पडायचं, हवेचा अडथळा कमी व्हायचा आणि इंजिनाला थोडे जास्त फेरे मिळायचे. अर्थात ते सरळ रस्त्यावरच वापरायचं, वळणावर नाही.

पण तिचा क्लच चंचल होता. अशा क्लचच्या कार्बनच्या चकत्या लहान असतात, त्या धरायला लागल्यापासून पूर्ण धरेपर्यंतचं अंतर फार थोडं असतं, आणि इंजिनाचे फेरे टिकवून धरणारं चाक, म्हणजे फ्लायव्हील, इतकं हलकं की फेरे जरा पडले की इंजिन बंद. गाडीत स्टार्टर नसतो. मेकॅनिकने बाहेरून यंत्र लावायचं. अॅलन प्रॉस्टसारख्या मुरब्बी चालकालाही याने छळलं. मोनॅकोला घाईने निघाल्याबद्दल शिक्षा म्हणून तो पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागेत, आला आणि तिथेच गाडी बंद पडली. हंगेरीला शर्यतीआधीच्या फॉर्मेशन लॅपलाच बंद पडली, पोलवरचा माणूस सर्वांत मागून निघाला. डॉनिंग्टनच्या पावसात तो सात वेळा पिटमध्ये आला, त्यातही एकदा गाडी बंद पडली, आणि तो तिसरा आला.

आता पुराव्याकडे वळू. सिल्व्हरस्टोन, दोन्ही वर्षी तोच मार्ग. १९९२चा पोल मॅन्सेलचा : १ मिनिट १८.९६५ सेकंद. १९९३चा प्रॉस्टचा : १ मिनिट १९.००६. फरक सेकंदाच्या ४१ सहस्रांशांचा. दरम्यान नियमाने मागचे टायर १८ इंचांवरून १५ इंच रुंदीचे केले होते आणि गाडीची कमाल रुंदी २१५ सेंटिमीटरवरून २०० वर आणली होती. तीन इंच कमी रबर म्हणजे रस्त्यावरची पकड थेट कमी. ती तूट या गाडीने जवळजवळ पूर्ण भरून काढली. पोलची वेळ पाहताना टायर पाहायचे असतात, ते बरेचदा राहून जातं.

दुसरा पुरावा मला याहून मोलाचा वाटतो. १९९२च्या त्या पोलवेळी दुसऱ्या क्रमांकावर त्याच गाडीत पत्रेसे होता, १.९ सेकंद मागे! कारण अॅक्टिव्ह गाडी वळणावर शिरताना चालकाला नेहमीचा अंदाज देत नाही. पकड येणार आहे असं मानून आधीच आत घुसावं लागतं, आणि वेग जास्त ठेवला तरच ती पकड मिळते. पॉवर स्टिअरिंग नसल्याने दंडात जोरही लागतो. मॅन्सेलकडे विश्वास आणि जोर दोन्ही होते. पत्रेसेकडे विश्वास कमी पडला. १९९३ला मात्र दोन्ही चालक नवे, आणि सिल्व्हरस्टोनला प्रॉस्ट आणि डेमन हिल यांच्यात अंतर फक्त ०.१२८ सेकंद. हिलचा तो पहिलाच पूर्ण हंगाम. जी गाडी नवख्याला तीन वेळच्या विश्वविजेत्याच्या इतकं जवळ आणते, ती जास्त चांगली बनलेली आहे, असं मी समजतो.

मग विजय दहाच का? कारण १९९३ला सेन्ना मॅक्लारेनमधून पाच शर्यती जिंकून गेला, त्यात पावसाचा हात होता. आणि हिलची गाडी सिल्व्हरस्टोनला आघाडीवर असताना इंजिन फुटून थांबली. पुढे हॉकेनहाइमला दोनच लॅप उरले असताना टायर गेला, तेव्हाही हिलच पहिला होता. गुण पाहिले तर कोष्टकातलं साम्य सुटतं : मॅन्सेल १०८, पत्रेसे ५६, बेरीज १६४. प्रॉस्ट ९९, हिल ६९, बेरीज १६८.