गंज सुटतो, मीठ राहतं

(रत्नागिरीत एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुताराची जुनी हत्यारं कुठे मिळतात, काय बघून घ्यायची आणि गंज काढून कशी टिकवायची, ते आज सांगतो. आधी बाजाराचं बोलू. इंग्लंड-अमेरिकेत माणूस गेला की त्याच्या घरातलं सामान पुष्कळदा लिलावात निघतं आणि त्यात त्याचं वर्कशॉपही येतं. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे घर वाटणीत अडकतं, वर्षानुवर्षं कुलूप राहतं, मग मे महिन्यात मुंबईहून भावंडं येतात, माळ्यावरचं सगळं अंगणात काढतात आणि भंगारवाल्याला हाक मारतात. काटा लागतो. आजोबांचा रंधा आणि फुटकी शेगडी एकाच भावात जातात. लिलाव होतात ते बंद पडलेल्या कारखान्यांचे, जप्त मालाचे, सरकारी भंगाराचे. सरकारी माल हल्ली एमएसटीसीसारख्या कंपनीमार्फत ऑनलाइन निघतो, तिथे मोठमोठ्या लॉटवर बोली लागते. एका छिन्नीसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला तिथे कोण विचारतो? तेव्हा भंगाराच्या दुकानाशी ओळख ठेवा, आणि जायचं ते पावसाआधी. घरं उतरवतात ती उन्हाळ्यात.

बंदराच्या गावांत आणखी एक माल मिळतो. लाकडी होड्या गेल्या, फायबरच्या आल्या, आणि होडीच्या सुतारांची हत्यारं काट्यावर आली. लाकूड तासायचा वाकस, दोरीने फिरवून भोक पाडायचा सामता, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोसायच्या बोथट छिन्न्या. या छिन्न्यांना धार नसते, म्हणून बिघडलेल्या समजून लोक त्या टाकून देतात. मला दिसल्या की मी सोडत नाही.

आता घ्यायचं काय? लोखंडी रंधा समोर आला तर आधी नाव बघा. अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने १८६९ साली रंधे बनवणाऱ्या लिओनार्ड बेलीचं काम आणि पेटंटं विकत घेतली. इंग्लंडातल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने १९३१पासून त्याच घाटाचे रंधे काढले, आणि आपल्याकडचा अनंतही त्याच घाटाचा. त्यामुळे एकाची मूठ हरवली तर पुष्कळदा दुसऱ्याची थोडी घासूनपुसून बसवता येते. नाव मोठं नसलं तरी बिघडत नाही. बिघडतं ते अंग तडकलेलं असलं तर. ही बिडाची वस्तू, एकदा फरशीवर पडली की तोंडाजवळ, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीजवळ, केसाएवढी चीर जाते आणि गंजाखाली ती दिसत नाही. घरी आणल्यावर तळ घासून साफ करा, रॉकेल चोपडा, थोडा वेळ थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या पुडीत काळी रेघ उमटते. दुकानात एवढं करता येत नाही. तिथे बोटाने टिचकी मारायची आणि खणखणीत वाजतं की बद्द, ते ऐकायचं.

लाकडी रंध्याचं जुनं पातं वेगळं बघायचं. ते पुष्कळदा दोन धातूंचं असतं: मऊ लोखंडाच्या पाठीवर पोलादाची पातळ पट्टी भट्टीत जोडलेली. धारेच्या उतारावर पाणी लावून उजेडात धरलंत की दोघांमधली रेघ दिसते. पोलाद झिजून संपलं असेल तर ते पातं कितीही पाजवा, धार टिकायची नाही. आणि पात्यावर निळसर डाग दिसला तर समजा, कोणीतरी ग्राइंडरवर जाळलंय. तीनशे अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं आणि त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं.

एवढं बघून झालं की गंज. लोक गंजाला भितात, मी भीत नाही. वरचा लाल गंज एका रात्रीत सुटतो. आपल्या किनाऱ्यावर खरी खोड मिठाची. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ गंजाच्या पापुद्र्याखाली, लोखंडाला चिकटून बसतं. तुम्ही पॉलिश पेपर मारता, तेल लावता, चकचकीत फोटो काढता, आणि श्रावणात त्याच जागी तपकिरी घाम फुटतो. मीठ हवेतली ओल ओढतं आणि आतून खाणं चालू राहतं. वरून रंग मारलात तर रंगासकट पापुद्रा उठतो.

म्हणून माझी पद्धत अशी. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या चार्जरचं ऋण टोक हत्याराला, धन टोक भंगार सळईला, आणि दोघांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. मीठ टाकू नका, क्लोरीन सुटेल. सळई स्टेनलेसची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. पितळ आणि अॅल्युमिनियमचे भाग आधी काढा. काम अंगणात करा, कारण सुटणारा वायू हायड्रोजन आहे. वायरला हात लावायचा तो चार्जर बंद करूनच. सोड्याच्या या पाण्यात गंजाबरोबर क्लोराइडही, म्हणजे मिठातला लोखंड खाणारा भाग, बाहेर पडायला लागतं, म्हणून पाणी बदलत दोन-तीन दिवस चालू ठेवा. व्हिनेगर किंवा चिंचेच्या कोळानेही गंज जातो, पण आम्लात पोलाद दिवसेंदिवस पडलं तर ठिसूळ होतं.

मग धुवायचं. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर सगळी मेहनत पाण्यात! पागोळीचं पाणी वापरा. पण पहिल्या पावसाचं नको, त्यात कौलांवरची धूळ आणि मीठ दोन्ही उतरतं. जुलैत छप्पर धुऊन निघालं की पिंपभर साठवून ठेवायचं. शेवटची फेर कढत पाण्याची, म्हणजे लोखंड आपल्याच उष्णतेने वाळतं, आणि गरम असतानाच मशीन ऑइल. खोबरेल-शेंगदाणा नको, ते चिकट होऊन मळ धरतं. लाकडी मुठीला अळशीचं तेल उत्तम, पण ते पुसलेलं फडकं चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतं. पसरून वाळवा.

आरशासारखी चकाकी आणू नका, ही माझी विनंती. काळसर डाग राहू द्या. पात्याची पाठ मात्र धारेजवळ बोटभर सपाट आणि लख्ख हवी. तिथे खड्डा राहिला तर धारेला खाच पडते.

ठेवताना गोणपाटात गुंडाळू नका, ते ओल धरतं. भुशातही नाही. झाकणाच्या डब्यात, तेलाचं बोट फिरवून, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघायचं.

टेबलावरची हत्यारं हाताळायला हरकत नाही. डावीकडच्या दोन पटाश्या कालच पाजवल्यात, तेवढ्या जपून.