स्टॉक साइटवर तुमचा फोटो मागे का पडतो? कीवर्डचा क्रम बघा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय, की स्टॉक साइटवर, म्हणजे जिथे आपण फोटो विकायला ठेवतो तिथे, फोटो अप्रूव्ह झाला पण सर्चमध्ये दिसतच नाही, मग आता कॅमेरा बदलू का? नका बदलू. त्या सर्चच्या मशीनला तुमच्या कॅमेऱ्याच्या किमतीशी काही देणंघेणं नाही.

बेसिक तुम्हाला माहितीच आहे. फोटो सर्चमध्ये वर येतो तो यावरून: टायटल, कीवर्ड (फोटोला आपण जोडतो ते शोधायचे शब्द), आणि लोक फोटोवर क्लिक करतात का, विकत घेतात का. नेमका फॉर्म्युला कुठलीच साइट उघड करत नाही. पण अडोबी स्टॉक या साइटने एक गोष्ट स्वतःच सांगून ठेवलीय आणि तीच कोणी करत नाही! कीवर्ड 49 टाकता येतात, पण क्रमाला किंमत आहे, पहिले 10 सगळ्यात महत्त्वाचे.

आता हे ऐका. फोंड्याच्या माझ्या एका मैत्रिणीने पातोळ्यांचा फोटो काढला, हळदीच्या पानातून नुकत्याच काढलेल्या, वाफ दिसतेय, इतका सुंदर फोटो की बघूनच भूक लागावी. कीवर्ड तिने लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नीट विचार करून टाकले, आणि लाइटरूमने एक्सपोर्ट करताना ते एबीसीडीप्रमाणे लावून टाकले! मग पहिले दहा कोणते? एशियन, बॅकग्राउंड, ब्राउन, सेलिब्रेशन, क्लोजअप, कोकोनट, कुझीन, डिलिशस, डेझर्ट, फेस्टिवल. 'पातोळी' पी वर, 'टर्मरिक लीफ' टी वर, म्हणजे दोन्ही पार शेपटाला. जे शब्द फक्त याच फोटोचे, तेच मागे.

आता विकत घेणाऱ्याच्या बाजूने बघा. मुंबईतल्या एखाद्या मासिकाला श्रावणातल्या गोडधोडावर पान करायचंय, तो माणूस 'ब्राउन बॅकग्राउंड' सर्च करेल? तो पातोळी नाहीतर वाफवलेलं इंडियन स्वीट असंच काहीतरी शोधणार ना. आणि 'ब्राउन' शोधणाऱ्याला लाकडाचं टेबल नाहीतर कागद हवा असतो, तो पातोळ्यांवर क्लिक करणारच नाही.

म्हणून अपलोड झाल्यावर अडोबी स्टॉकच्या पोर्टलमध्ये, म्हणजे साइटवरच्या तुमच्या खात्यात जा, आणि महत्त्वाचे शब्द माउसने ओढून वर घ्या. साइट स्वतः कीवर्ड सुचवते तेव्हाही तेच, डोळे मिटून ओके करू नका, त्या मशीनला हळदीचं पान आणि केळीचं पान यातला फरक कळेलच असं नाही, तो तुम्हाला कळतो!

कमेंटमध्ये म्हापशाच्या एका दादांनी विचारलंय की पाळोळेच्या सूर्यास्ताचे कीवर्ड कॉपी करून मिरामारच्या सगळ्या फोटोंना चिकटवले तर चालेल का, वेळ वाचतो. नाही हो दादा! परत तीच गोष्ट, पहिल्या दहात 'पाळोळे' बसलं आणि फोटो मिरामारचा, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या जागेवर खोटा शब्द. गोव्याचे समुद्रकिनाऱ्याचे फोटो तिथे आधीच ढिगाने पडलेत, त्यात तुमचा वेगळा काय ते सांगायची जागा तेवढीच, आणि ती अशी वाया घालवायची? मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडचे लोक फोटो फार चांगले काढतात.

शटरस्टॉक या दुसऱ्या साइटवर कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 50 कीवर्ड, तिथे क्रमाची एवढी कटकट नाही, पण खोटे शब्द तिथेही नकोतच. टायटल साधं वाक्य ठेवा, 'हळदीच्या पानावर वाफवलेल्या पातोळ्या, गोवा', अर्थात इंग्रजीत.

आणि शेवटचं, जुना फोटो चालत नाही म्हणून डिलीट करून परत टाकू का असं खूप जण विचारतात. आधीचे डाउनलोड, म्हणजे विक्री, असेल तर अजिबात नको, नव्या फाइलचा हिशोब शून्यापासून सुरू होतो. कीवर्डचा क्रम आहे त्याच फाइलवर बदलता येतो, आज रात्री पाच-दहा फोटो उघडून फक्त पहिले दहा शब्द बघा आणि काय निघालं ते कमेंटमध्ये टाका.