कादंबरी नावाची मुलगी

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. ऐरोलीला राहतात ते. बाळ घरी आलं त्या दिवशी भावजयीनं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, कानात कुर्र तुम्हीच करणार, मग नावही तुम्हीच शोधा. फक्त पुस्तकातलं हवं."

तिच्या मोबाइलवर नावांची लांबलचक यादी होती. प्रत्येक नावापुढे अर्थ, आणि अर्थ फिरून फिरून तेच. सुंदर, तेजस्वी, लक्ष्मी. नाव कुणाचं होतं, ती बाई कशी जगली, याबद्दल एक अक्षर नाही. मला ते फार खटकलं. पुस्तकातलं नाव घ्यायचं तर त्या नावाची माणसं आधी भेटायला नकोत का?

मी ठाण्याची. स्टेशनजवळचं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. दोन-तीन दुपारी तिथे जाऊन बसले.

पहिलं मनात आलं ते मुक्ता. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ताटी उघडायला लावणारी धाकटी बहीण. वयानं लहान आणि बोलणं केवढं समजुतीचं! पण आमच्या चुलत घराण्यात दोन मुक्ता आधीच आहेत. मग सिंधू. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधली. तर आई म्हणाली, "नको गं, किती भोगलं तिनं." हे आपल्याकडे नेहमी होतं. नायिकेच्या वाट्याला दुःख आलं की तिचं नाव आपण टाळतो. मला हे पटत नाही. दुःख न भोगलेली नायिका शोधायला गेलं तर कपाटं रिकामी होतील. तिनं त्या दुःखात काय केलं, ते पाहावं. (त्याच नाटकात सिंधूच्या नवऱ्याच्या, सुधाकरच्या बहिणीचं नाव शरद आहे. आज शरद म्हटलं की कुणालाही पुरुषच आठवेल. नावं अशीही बदलत जातात.)

आणि मग हातात आली बाणभट्टाची कादंबरी. म्हणजे तिचं मराठी भाषांतर.

घरी नाव सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, मुलीला पुस्तकाचं नाव?" खरं तर आधी मुलगी आहे, पुस्तकाचा प्रकार नंतर. सातव्या शतकात, सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टानं एक मोठी गद्य कथा रचली आणि तिला नायिकेचं नाव दिलं. ग्रंथ पुरा होण्याआधीच तो गेला, उरलेला भाग त्याच्या मुलानं लिहिला. पुढे शेकडो वर्षांनी आपल्याकडे लांब गद्य कथा लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या प्रकाराला आपण हिचंच नाव दिलं. हिंदीत उपन्यास म्हणतात. कानडीत मात्र आपल्यासारखंच, कादंबरी. पहिली मराठी कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची, 1857 सालची 'यमुनापर्यटन'. तिच्याही नावात एक बाई आहेच.

भाऊ इंजिनिअर. त्यानं शब्दकोश उघडला आणि चेहरा टाकून म्हणाला, "ताई, कादंबरी म्हणजे मद्य! कदंबाच्या फुलांचं." खरं आहे, तो अर्थ आहेच. कोकिळा आणि सरस्वती असेही अर्थ त्याच शब्दाला आहेत. बाणाच्या मुलानं तर वडिलांच्या या ग्रंथाच्या रसानं सगळे लोक धुंद झालेत, असा श्लेषच केला आहे. पण मी भावाला म्हटलं, कोश मिटून ठेव आणि गोष्ट ऐक.

महाश्वेता नावाची एक मुलगी आहे. तिचं पुंडरीकावर प्रेम जडतं, आणि भेट व्हायच्या आत तो मरतो. ती घर सोडून अच्छोद सरोवराच्या काठी तपस्विनी होऊन राहते, वीणा वाजवते. कादंबरी तिची जिवाभावाची मैत्रीण. राजवैभवात वाढलेली, लग्नाच्या वयाची. ती आईबापांना सांगते की महाश्वेता दुःखात असेपर्यंत मी लग्न करणार नाही. ग्रंथात नायक चंद्रापीड आहे, पुनर्जन्म आहेत, बोलणारा पोपट आहे, प्रेम तर आहेच. मला मात्र तिथे वाचनालयात बसल्या जागी गहिवरून आलं ते या निश्चयानं. तेराशे वर्षांपूर्वीच्या कथेतली एक मुलगी मैत्रिणीसाठी स्वतःचं सुख थांबवून ठेवते.

भाऊ गप्प बसला. भावजय म्हणाली, "हेच."

या सगळ्यात बारसं लांबलं, सव्वा महिन्यानंतर केलं. नाव ठरवायची घाई नसते, हे ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी लक्षात ठेवा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण ती नावाशिवायही होते. नोंदणीपासून वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क पडत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरावं लागतं. तेवढ्या वेळात दोन-चार पुस्तकं सहज वाचून होतात. आम्ही नाव मोठ्यानं हाक मारूनही पाहिलं, स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत. 'कादंबरीऽऽ'. छान पोचतं. इंग्रजीत एम लिहायचा की एन, यावर भाऊ-भावजयीचं एक संध्याकाळभर चाललं, शेवटी एम ठरला.

बारशाला घुगऱ्या झाल्या, पाळणा म्हटला, मी कानात कुर्र केलं. बाळ झोपलेलंच होतं.

त्यांच्या खालच्या मजल्यावर महिन्याभरानं आणखी एक मुलगी झाली. तिची आई बारशाला आली होती, महाश्वेतेची गोष्ट तिनं मला दोनदा सांगायला लावली. आता भावजयीकडची प्रत तिच्याकडे आहे. नाव अजून ठरलेलं नाही. वर्ष संपायला अवकाश आहे.

नमस्कार.