पीठ, मासा आणि बॅरेंट्स समुद्र

नमस्कार. माझी ओळख करून देताना अध्यक्ष म्हणाले, "आज आपण गोठलेल्या समुद्राची गोष्ट ऐकणार आहोत." पहिल्याच वाक्यात अध्यक्षांची चूक काढणं बरं दिसत नाही. पण इलाज नाही, कारण मला जे सांगायचंय ते नेमकं तिथूनच सुरू होतं. बॅरेंट्स समुद्राचा नैर्ऋत्येकडचा मोठा भाग भर जानेवारीतही गोठत नाही. गोठत नाही म्हणून तिथे मासा आहे, आणि मासा आहे म्हणून माणूस आहे.

आधी जागा पक्की करू. नॉर्वे आणि रशिया यांचा उत्तर किनारा ही दक्षिणेची कड. वायव्येला स्वालबार्डची बेटं, उत्तरेला फ्रान्झ जोसेफ लँड, पूर्वेला नोवाया झेम्ल्या. मधलं पाणी साधारण चौदा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साडेचार महाराष्ट्र मावतील एवढं. खोली मात्र सरासरी २३० मीटर. महासागरांच्या हिशेबात हे डबकंच म्हणायचं.

आता एक कोडं बघा. सेंट पीटर्सबर्ग ६० अंश उत्तरेला आहे आणि तिथलं पाणी हिवाळ्यात गोठतं. या समुद्राकाठचं रशियन शहर मुर्मान्स्क त्याच्याही वर, ६९ अंशांवर, ध्रुववृत्ताच्या आत. आणि त्याचं बंदर बारमाही चालू. याचं कारण मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेल्या उबदार पाण्यात आहे. ते अटलांटिक ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्याने वर सरकतं आणि त्याचा एक फाटा उत्तर टोकाला वळसा घालून या समुद्रात शिरतो. उबदार म्हणजे अंघोळीचं पाणी नव्हे हं! हिवाळ्यात चारपाच अंश. पण खारं पाणी गोठायला उणे दोनच्या जवळ जावं लागतं, त्यामुळे तेवढं पुरतं. उत्तरेकडून ध्रुवीय गार पाणी येतं, दोन्ही भेटतात, तळाचं खत वर येतं. वसंतात उजेड परतला की सूक्ष्म वनस्पतींचं अमाप पीक येतं. त्यावर बारीक जीव, त्यांच्यावर कॅपेलिन नावाचा लहान मासा, आणि कॅपेलिनवर कॉड. कॉड हा इथला खरा राजा. तो वाढतो या समुद्रात, पण अंडी घालायला हिवाळ्याच्या शेवटी खाली नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत जातो. अंडी आणि पिलं प्रवाहाबरोबर पुन्हा वर येतात. हा फेरा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

समुद्राला नाव मिळालं ते मात्र इथला नसलेल्या माणसाचं. विलेम बॅरेंट्स हा डच खलाशी. पोर्तुगीजांच्या वाटेला न जाता चीनला आणि पूर्वेच्या बेटांना उत्तरेकडून पोचता येईल, असा तेव्हा डचांचा होरा होता. त्याची तिसरी सफर १५९६ची. नोवाया झेम्ल्याच्या ईशान्य किनाऱ्याजवळ जहाज बर्फात अडकलं. सतरा माणसांनी वाहून आलेली लाकडं आणि जहाजाच्या फळ्या जोडून एक खोपटं उभं केलं आणि त्यात हिवाळा काढला. जून १५९७मध्ये उरलेले लोक दोन उघड्या होड्यांतून परत निघाले. आठवड्याभरातच बॅरेंट्स गेला. नोव्हेंबरात बाराजण ॲमस्टरडॅमला पोचले.

पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. मला त्यातला एक लहानसा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. परतीच्या वाटेवर या अर्धमेल्या डचांना रशियन कोळी भेटले आणि त्यांनी पाव दिला. राय नावाच्या धान्याचा पाव. (राई नव्हे, राय. फोडणीशी संबंध नाही.) म्हणजे ज्या पाण्याचा 'शोध' लावायला हे निघाले होते, तिथे लोक आधीच शिदोरी बांधून फिरत होते!

हे लोक म्हणजे पोमोर. नावाचा अर्थ समुद्रकाठचे. ते मूळचे नोव्हगोरोड या जुन्या रशियन शहराकडून येऊन उत्तर रशियातल्या श्वेत समुद्राभोवती वसले. श्वेत समुद्र हिवाळ्यात गोठतो, तेव्हा काय करायचं? मार्चमध्ये ही माणसं कोला द्वीपकल्प ओलांडून उत्तरेच्या मुर्मान किनाऱ्यावर येत, कारण तिथलं पाणी मोकळं आणि कॉड दारात. त्यांच्या 'कोच' जातीच्या होड्यांची बूड गोलसर असे; बर्फाने दोन्हीकडून दाबलं तर होडी चिरडण्याऐवजी वर उचलली जाई. मुर्मान हे नाव 'नॉर्मन'वरून, म्हणजे नॉर्वेवाल्यांवरून पडलं. रशियन लोक या पाण्याला पूर्वी मुर्मान समुद्र म्हणत. शेजाऱ्याच्या नावाने समुद्र ओळखायचा, ही मला बॅरेंट्सपेक्षा जास्त मनापासून केलेली नोंद वाटते.

आता या शेजाराकडे येऊ. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर मासा रग्गड, पण धान्य पिकत नाही. तिथे कॉड लाकडी मांडवांवर टांगून वाऱ्यावर वाळवतात. आपल्याकडे वसई-पालघरला बोंबील वाळत घातलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको, फक्त वास थोडा कमी, कारण हवा गार. पण उन्हाळ्यात तिकडेही माशा होतात आणि टांगलेल्या माशात किडे पडतात. नेमक्या त्याच दिवसांत पोमोर गलबतं यायची, पिठाच्या गोण्या आणि लाकूड उतरवायची, ताजा मासा घ्यायची आणि जहाजावरच मिठात घालायची. एकाचा न विकणारा माल दुसऱ्याला हवा, दुसऱ्याचं पीठ पहिल्याला हवं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९१७पर्यंत हा व्यवहार चालला.

यातून एक भाषाच निघाली. अभ्यासक तिला रुसेनोर्स्क म्हणतात, म्हणजे रशियन-नॉर्वेजियन. शब्द जेमतेम तीनचारशे. तिचं दुसरं नाव 'मोया पो त्वोया'. 'मोया' म्हणजे माझं, 'त्वोया' म्हणजे तुझं, आणि 'पो' हे एकच अव्यय तिथे, वर, कडे, साठी अशा सगळ्यांची कामं एकट्याने करायचं. अर्थ काय? मी तुझ्या भाषेत बोलतोय. गंमत अशी, की बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांची समजूत होती की आपण खरोखरच समोरच्याची भाषा बोलतोय! दोघेही चूक आणि व्यवहार चोख. क्रांतीनंतर सीमा आवळल्या, पिठाची गलबतं थांबली आणि ही भाषा एका पिढीत संपली. बोलायला समोर माणूसच उरला नाही.

मी फार गोड चित्र रंगवतोय असं वाटत असेल, म्हणून वार्डोबद्दल थोडं. नॉर्वेचं हे सर्वांत पूर्वेकडचं शहर एका बेटावर आहे. रेखांश बघाल तर इस्तंबूलच्याही पूर्वेला. १६१७च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथे अचानक वादळ आलं, दहा होड्या बुडाल्या, चाळीस माणसं गेली. तीनचार वर्षांनी हे वादळ बायकांनी जादूटोणा करून आणलं असा आरोप झाला आणि खटले सुरू झाले. सतराव्या शतकात त्या भागात एक्याण्णव जणांना चेटकाच्या आरोपाखाली मारलं गेलं. बहुतेक बायका, काही सामी जमातीचे पुरुष. वार्डोला २०११पासून त्यांचं स्मारक आहे. लांबलचक अंधाऱ्या बोळात प्रत्येकासाठी एक छोटी खिडकी आणि तिच्यात एक दिवा.

मुर्मान्स्क त्या मानाने कालचं पोर. पहिल्या महायुद्धात रशियाचे बाल्टिक आणि काळ्या समुद्राचे रस्ते बंद झाले. मित्रराष्ट्रांचा माल उतरवायला न गोठणारं बंदर हवं, म्हणून घाईने रेल्वे टाकली गेली. त्यात जर्मन-ऑस्ट्रियन युद्धकैदी हजारोंनी राबले, हजारोंनी मेले. ४ ऑक्टोबर १९१६ला रोमानोव्ह-ना-मुर्मानेची स्थापना झाली. पाच महिन्यांत रोमानोव्ह हे झारचं घराणं सत्तेवरून गेलं, नाव बदललं. दुसऱ्या महायुद्धात याच बंदरात ब्रिटिश-अमेरिकन जहाजांचे तांडे रणगाडे आणि धान्य उतरवत. जुलै १९४२मध्ये पीक्यू-१७ या, श्वेत समुद्रावरच्या आर्खांगेल्स्क बंदराकडे निघालेल्या तांड्यातली चोवीस जहाजं बुडाली. १९८९ला शहराची वस्ती ४ लाख ६८ हजारांवर गेली होती. २०२१च्या जनगणनेत उरली २ लाख ७० हजार. सोव्हिएत काळात चढा पगार देऊन माणसं आणली होती. पगाराचं आकर्षण संपलं, माणसं दक्षिणेला गेली.

डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. पण काळाकुट्ट अंधारही नसतो. दुपारी काही तास निळसर झुंजुमुंजू होतं आणि सूर्य न येताच मावळतं. पुण्यातल्या श्रोत्यांना इथे टिळक आठवणार, मला माहीत आहे. दीर्घ उषेच्या वैदिक वर्णनांवरून त्यांनी आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये मांडलं, ते १९०३मध्ये. त्या वादात मी आज शिरत नाही. उषा मात्र खरोखर दीर्घ असते.

पूर्वेच्या नोवाया झेम्ल्यावर नेनेत्स लोक होते. झारच्या सरकारनेच १८७०च्या दशकात त्यांना तिथे वसवलं, कारण नॉर्वेचे शिकारी येऊ लागले होते आणि बेट आपलं म्हणायला माणसं दाखवावी लागतात. १९५४ला तिथे अणुचाचणी केंद्र झालं आणि तीच माणसं अडचण ठरली. सगळ्यांना मुख्य भूमीवर हलवलं. त्यांचा पुढारी टिको व्हिल्का, शिकारी आणि मोठा चित्रकार, तोही आर्खांगेल्स्कला गेला आणि १९६०ला तिथेच वारला. पुढच्या वर्षी ३० ऑक्टोबरला त्या बेटांवर ५० मेगाटनचा बॉम्ब फोडला गेला. हिरोशिमाच्या तीन हजार पटींहून अधिक.

आपला संबंध? वायव्येच्या स्वालबार्डवर, न्यू-ओलेसुंडला, भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८पासून आहे. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. अटलांटिकचं उबदार पाणी आता अधिकाधिक आत शिरतंय, बर्फाची कड मागे सरतेय आणि कॉडही उत्तरेला चाललाय. तिथल्या कोंग्सफ्योर्ड या खाडीच्या पाण्यात २०१४पासून आपली उपकरणं बुडवून ठेवली आहेत.

आता तो कॉडचा फेरा. अंडी नॉर्वेकडे घातली जातात, पण बरीच पिलं वाढतात पूर्वेला, रशियाच्या पाण्यात. रशियाने बारीक मासा उपसला तर काही वर्षांनी लोफोटेनची जाळी रिकामी येणार. नॉर्वेने अंडी घालायला आलेलाच मासा संपवला तर रशियाकडे पिलंच पोचणार नाहीत. म्हणून ऐन शीतयुद्धात, १९७०च्या दशकात, दोघांनी संयुक्त मासेमारी आयोग नेमला. समुद्रातली हद्द ठरवायला मात्र चाळीस वर्षं घासाघीस चालली. करारावर सह्या झाल्या २०१०ला, मुर्मान्स्कमध्ये.

युक्रेनच्या युद्धानंतर नॉर्वेने रशियन जहाजांना आपली बंदरं बंद केली, पण मासेमारीच्या बोटींना ट्रोम्सो, बोट्सफ्योर्ड आणि किर्केनेस ही तीन उघडी ठेवली. तपासणी कडक झाली आहे. किर्केनेसमध्ये रस्त्यांच्या पाट्या रोमन आणि रशियन अशा दोन्ही लिप्यांत आहेत. रशियन बोटी अजून तिथे लागतात, आणि कुणी किती कॉड धरायचा याची बैठक दरवर्षी होते.