चादरींचं देणं : आर्डेनच्या जंगलातला हिवाळा

(दृश्य : धुक्यात बुडालेलं सूचिपर्णी जंगल. आवाज फक्त वाऱ्याचा.)

16 डिसेंबर 1944. दुसरं महायुद्ध चालू आहे. पहाटेचे साडेपाच. बेल्जियमच्या पूर्व सीमेवर, आर्डेनच्या जंगलात, अजून मिट्ट काळोख आहे. खंदकात अंगाचं मुटकुळं करून बसलेल्या अमेरिकन पोरांना वाटतंय, इथं काही घडायचं नाही. तशी ख्यातीच होती या भागाची. लढून दमलेल्या तुकड्या इथं विसाव्याला येत आणि कालपरवा जहाजातून उतरलेल्या नवख्यांना सरावासाठी इथंच धाडलं जाई. सव्वाशे किलोमीटरहून लांब आघाडी, आणि तिच्यावर माणसं अशी विरळ पेरलेली.

आणि एकाएकी पूर्वेचं आभाळ पेटतं. शेकडो जर्मन तोफा एकदम धडधडू लागतात. त्यांच्या मागे तीन आर्मी, दोन लाखांहून जास्त सैनिक.

(दृश्य : नकाशा. जर्मन सीमेपासून अँटवर्पपर्यंत सरकत जाणारी रेघ.)

हिटलरचा डाव असा होता : आर्डेनमधून मुसंडी मारायची, म्यूज नदी ओलांडायची आणि अँटवर्प बंदर गाठायचं. म्हणजे ब्रिटिश आणि अमेरिकन फौजा एकमेकींपासून तुटतील, त्यांची रसदही तुटेल. हे झेपणार नाही, असं त्याच्या स्वतःच्या सेनापतींचं मत होतं. सगळी भिस्त दोन गोष्टींवर. एक, हवा खराब राहिली पाहिजे, म्हणजे शत्रूची विमानं उडणार नाहीत. दुसरी, पेट्रोल. अँटवर्पपर्यंत पुरेल एवढं पेट्रोल जर्मनांकडे नव्हतंच. वाटेत अमेरिकनांचे साठे हाती लागतील, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यामुळे वाया गेलेला एकेक तास त्यांना महागात पडणार होता.

पहिला मोठा तडाखा त्यांना कुणी दिला, ते पाहण्यासारखं आहे.

(दृश्य : लान्झेराथची टेकडी. समोर उताराचं कुरण, मधोमध तारेचं कुंपण.)

लान्झेराथ हे सीमेवरचं एक खेडं. गावाच्या वरच्या अंगाला, झाडीच्या कडेला, अमेरिकनांची टेहळणी करणारी एक छोटी तुकडी. 18 जण, आणि तोफखान्याचे 4 निरीक्षक. त्यांचा लेफ्टनंट लाइल बाउक अवघा 20 वर्षांचा. समोरून आली जर्मन छत्रीधारी सैनिकांची एक अख्खी बटालियन.

कुरणातून चढ चढत ते येत, कुंपणाशी अडखळत, आणि वरून मशीनगन सुरू होई. एकदा, दोनदा, पुन्हा. संध्याकाळपर्यंत बाउकच्या तुकडीने खिंड लढवली. आपल्या भाषेत या शब्दांचं वजन काय आहे, ते मराठी माणसाला सांगायला नको. दारूगोळा संपला तेव्हा ते पकडले गेले. बहुतेक सगळे जखमी होते, निरीक्षकांपैकी एक ठार झाला होता.

कैद करून त्यांना गावातल्या कॅफेत आणून बसवलं. त्या रात्री भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले आणि लाइल बाउकला 21वं वर्ष पूर्ण झालं. पुढची कित्येक वर्षं तो हेच समजत राहिला की आपण हरलो, आपण पकडले गेलो. प्रत्यक्षात त्याच्या 18 माणसांनी जर्मन रणगाड्यांचा एक मुख्य रस्ता दिवसभर रोखून धरला होता. सैन्याने त्यांना पदकं दिली ती 1981 साली, तब्बल 37 वर्षांनी.

बाउकमुळे ज्यांचा खोळंबा झाला, ते रणगाडे योआखिम पायपरचे. तो एसएस या नाझींच्या खास सशस्त्र दलाचा अधिकारी. त्याचे लोक पुढे गेले आणि दुसऱ्याच दिवशी, 17 डिसेंबरला, मालमेदीजवळच्या चौरस्त्यावर त्यांनी शरण आलेल्या अमेरिकनांवर गोळ्या चालवल्या. 84 जण मेले. प्रेतांवर बर्फ साचत गेला. ती बाहेर काढता आली जानेवारीत. स्टावलोच्या परिसरात गावकरीही असेच मारले गेले, बायका-पोरांसकट. त्याच स्टावलोच्या उत्तरेला लाखो लिटर पेट्रोलचा साठा होता. पायपरला त्याचा पत्ता लागला नाही आणि राखणीवर असलेल्या बेल्जियन सैनिकांनी तेच पेट्रोल रस्त्यावर ओतून पेटवून दिलं. आठवड्याभरात पायपरच्या टाक्या कोरड्या पडल्या. ला ग्लेझ गावात रणगाडे टाकून, उरलेली माणसं घेऊन तो रात्रीच्या अंधारात पायी निघून गेला. त्यातला एक अजस्र रणगाडा अजून त्या गावात उभा आहे.

सगळीकडेच असं झालं नाही. नवख्या 106व्या डिव्हिजनच्या दोन रेजिमेंट वेढल्या गेल्या आणि हजारो सैनिकांना शस्त्रं खाली ठेवावी लागली. अमेरिकनांची फळी आत दबत गेली, नकाशावर एक भलामोठा फुगवटा दिसू लागला. या लढाईचं इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं : बॅटल ऑफ द बल्ज. फुगवट्याची लढाई.

(दृश्य : बास्तोन. चौकातून फुटणारे रस्ते.)

फुगवट्याच्या पोटात एक गाव मात्र गिळलं जाईना. बास्तोन. सात रस्ते इथं एकत्र येतात, आणि रणगाडे जंगलातून नाही, रस्त्यावरूनच चालतात. 101व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक उघड्या ट्रकांमध्ये उभे राहून रातोरात इथं पोचले. अनेकांकडे हिवाळी कपडे नव्हते, काडतुसंही पुरेशी नव्हती. लवकरच गावाला वेढा पडला. 22 तारखेला जर्मनांनी शरणागतीचा निरोप पाठवला. तिथल्या अमेरिकनांचा सेनापती जनरल मॅकॉलिफ याचं उत्तर एका शब्दाचं होतं : 'नट्स!' जर्मन अधिकाऱ्यांना अर्थच कळेना. आपल्याकडच्या 'हट्!'ची धार त्या शब्दाला होती.

ती थंडी कशी असेल, ते मला नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. हे ऐकल्यावर थोडं कळतं : सैनिक ओले मोजे शर्टाच्या आत, पोटाला लावून वाळवत. वैद्यकीय सेवक मॉर्फिनच्या सुया गोठू नयेत म्हणून काखेत धरून फिरत. दिवसरात्र ओल्या बुटात राहून पाय बधिर होत, सुजत, काळे पडत, आणि हजारोंना त्या पायांपायी आघाडी सोडावी लागली.

बास्तोनमध्ये जखमींचे फारच हाल. डिव्हिजनचं फील्ड हॉस्पिटल जर्मनांनी आधीच पकडलेलं. अशा वेळी दोन तरुणी मदतीला उभ्या राहिल्या. रने लेमेर आणि ऑगस्टा शिवी. दोघी नर्स, दोघी नाताळसाठी घरी आलेल्या. ऑगस्टाचा जन्म आफ्रिकेतला, आई आफ्रिकन, वडील बेल्जियन. 24 डिसेंबरच्या रात्री त्यांच्या उपचार केंद्रावर बाँब पडला. रने गेली, तिच्यासोबत तिथले अनेक जखमी गेले. शेजारच्या घरात असलेली आणि स्फोटाने भिंतीपलीकडे फेकली गेलेली ऑगस्टा वाचली आणि पुन्हा कामाला लागली. तिची दखल अमेरिकन सैन्याने घेतली 2011 साली. मला हा उशीर फार लागतो.

23 तारखेला आभाळ निवळलं होतं. दोनशेहून जास्त विमानांनी बास्तोनवर दारूगोळा, औषधं, अन्न उतरवलं. दक्षिणेकडून अमेरिकन जनरल पॅटनची फौज काटकोनात वळून चाल करून आली आणि 26 डिसेंबरच्या संध्याकाळी तिच्या पहिल्या रणगाड्याने वेढा फोडला. जर्मनांची सर्वांत पुढची तुकडी तेव्हा म्यूज नदीपासून जेमतेम सहा-सात किलोमीटरवर मोडून पडली होती. तिचंही पेट्रोल संपलं होतं.

पुढचा महिना उरला तो पिटाळून लावण्याचा, आणि तोही फार रक्त मागून गेला. 25 जानेवारी 1945 ला लढाई संपली, तेव्हा सुमारे 19,000 अमेरिकन सैनिक मेले होते.

(दृश्य : एमरूल गावचं छोटं चर्च. मग अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर.)

बास्तोनजवळ एमरूल नावाचं खेडं आहे. वेढ्याच्या दिवसांत मेजर जॉन हॅनलनची बटालियन तिथं होती. बर्फ पडला आणि पांढऱ्या माळावर त्याच्या सैनिकांचे गडद कपडे लांबूनही उठून दिसू लागले. त्याने गावात चादरी मागितल्या. चर्चची घंटा वाजली, आणि गावकरी घरातल्या चादरी काखेत मारून आले. सुमारे दोनशे. सैनिकांनी त्या फाडून अंगाला, हेल्मेटला, मशीनगनला गुंडाळल्या.

चादरी परत करू, असं हॅनलन तेव्हा म्हणाला होता. 1948 मध्ये तो एमरूलला आला. सोबत अमेरिकेतल्या त्याच्या विंचेस्टर गावच्या लोकांनी जमवून दिलेल्या चादरींचे गठ्ठे होते. गावकरी चर्चपाशी जमले, आणि त्याने त्या चादरी त्यांच्या हाती परत दिल्या.